रोल आधी की बोलणं आधी? खेळाडूचं डोकं आणि पात्राचे आकडे

आमच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतो: प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने खेळतो, आणि एखादी गोष्ट जमली का ते वीस बाजूंचा फासा टाकून, म्हणजे रोल करून, ठरतं. तिथे एक वकील खेळतो. त्याचं पात्र बार्बेरियन (रानटी लढवय्या), करिश्मा (समोरच्यावर छाप पाडायची ताकद) ८. त्याच्या शेजारी एक मुलगी बसते, जी हॉटेलात चहा सांगायलाही दुसऱ्याला पुढे करते. तिचं पात्र बार्ड, करिश्मा १६. (आम्ही बार्डला शाहीरच म्हणतो.) सुरुवातीचे चार-पाच सेशन प्रत्येक वाटाघाट बार्बेरियनने जिंकली आणि शाहीर बाजूला बसून फासे एकावर एक रचत राहिली. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निवाडा देणारा) मी होतो, त्यामुळे चूकही माझीच.

ताकद १८ असलेल्या पात्राच्या खेळाडूला आपण गॅसचा भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन दाखव असं म्हणत नाही. मग करिश्मा १६ असलेल्या पात्राच्या खेळाडूला 'काय बोलतेस ते बोलून दाखव' असं का म्हणतो? आणि या चुकीला घाबरून बरेच डीएम उलट टोकाला जातात. "मी त्याला पटवतो. सतरा." "पटला." पुढे चला. एवढंच करायचं तर सापशिडी काय वाईट?

खालची पद्धत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे आकडे धरून लिहिली आहे. दुसरा खेळ खेळत असाल तर आकडे बदला, क्रम मात्र तोच ठेवा. काय करायचं आणि कसं करायचं, हे खेळाडू ठरवतो. ते कितपत जमलं, हे पात्राचे आकडे आणि फासा ठरवतात. या दोन्हींच्या मध्ये डीएमचा निवाडा येतो, आणि गोंधळ होतो तो नेमका तिथे, कारण तो निवाडा एक तर उशिरा होतो किंवा होतच नाही.

## तयारी: सेशनच्या आधी

अ. एक कागद करा. प्रत्येक पात्राची सहा अंगं (ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण, करिश्मा), ज्या कौशल्यांत ते तरबेज आहे त्यांची यादी आणि पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधताही काय नजरेस पडतं, त्याचा आकडा). हा कागद डीएमच्या पडद्याआड समोरच चिकटवा. अंगाच्या आकड्यातून १० वजा करून निम्मे केले आणि खालच्या बाजूला पूर्णांक घेतला की मॉडिफायर, म्हणजे फाशाच्या आकड्यात मिळवायचा आकडा, मिळतो: ८ ला उणे १, १४ ला अधिक २, १६ ला अधिक ३. पात्र त्या कौशल्यात तरबेज असेल तर पहिल्या ते चौथ्या लेव्हलपर्यंत आणखी २. म्हणजे आमच्या शाहिराचं पर्सुएशन (पटवण्याचं कौशल्य) अधिक ५ आणि बार्बेरियनचं उणे १. हे आकडे समोर नसतील तर तुमचा निवाडा खेळाडूच्या आवाजावर जातो. माझा जात होता.

आ. टेबलाचा कल ठरवा. काही टेबलांना जुन्या वळणाचा खेळ आवडतो. तिथे सापळा कसा उलगडायचा ते तोंडी सांगायचं आणि फासा क्वचित उचलायचा. काहींना पात्राच्या कागदाने बोललेलं आवडतं. दोन्ही चालतं. पण पहिल्या सेशनच्या आधी हे मोठ्याने विचारा, आणि तीन गोष्टींबद्दल वेगवेगळं विचारा: बोलणी, कोडी, शोधाशोध. कोड्यांवर तासभर खुशीने घालवणारा माणूस वाटाघाटीत अंग चोरतो, असं बऱ्याचदा दिसतं. 'तुम्हाला रोलप्ले आवडतो का?' असा मोघम प्रश्न विचारला तर सगळे 'हो' म्हणतात आणि काहीच कळत नाही.

इ. सांगून बोलणं चालेल, हे जाहीर करा. 'मी त्याला सांगते, की आमच्याकडे पत्र आहे' हे वाक्य 'महाराज, आमच्यापाशी पत्र आहे!' या वाक्याइतकंच वजनदार. हे एकदा नाही, पहिले तीन सेशन दर वेळी सांगा. लाजरा माणूस पहिल्यांदा ऐकून विश्वास ठेवत नाही.

> तपासून घ्या: कागद न बघता तुम्हाला सांगता येतं का, की तुमच्या टेबलावर सर्वांत जास्त शहाणपण कोणाच्या पात्राचं आहे? येत नसेल तर अजून सुरुवात करू नका.

## टप्पा १: हेतू आणि मार्ग, दोन्ही विचारा

खेळाडू म्हणतो, "मी पर्सुएशन रोल करू का?" याला 'हो' म्हणू नका, 'नाही'ही म्हणू नका. दोन प्रश्न विचारा. तुला त्याच्याकडून काय हवंय? आणि ते कशाच्या जोरावर मागतोयस?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेतू: 'त्याने आम्हाला रात्री फाटकातून सोडावं.' दुसऱ्याचं उत्तर मार्ग: 'त्याचा भाऊ आमच्या तांड्यात आहे, हे सांगून.' ही दोन वाक्यं मिळाल्याशिवाय फासा हातात द्यायचा नाही. आणि मिळाली की भाषण मागायचं नाही.

मार्ग सुचत नसेल तर? इथे बहुतेक डीएम गप्प बसून खेळाडूकडे रोखून बघतात. तसं करू नका. त्याच्या पात्राला काय दिसतंय ते सांगा: 'तू शाहीर आहेस, माणसं वाचायची तुला सवय आहे. हा पहारेकरी सारखा हातावर फुंकर मारतोय, थंडीने बेजार झालाय.' करिश्मा १६ चा हा खरा उपयोग. आकडा खेळाडूला शब्द देणार नाही, पण धागा हातात देऊ शकतो. करिश्मा ८ वाल्याला हाच धागा फुकट देऊ नका, त्याने तो स्वतः शोधला तर जरूर घेऊ द्या.

> इशारा: फासा आधी पडला आणि मार्ग मागून विचारला, तर खेळाडू आलेल्या आकड्याला शोभेल असा मार्ग रचतो. १९ आल्यावर सगळेच मुत्सद्दी होतात. मार्ग न सांगता पडलेला फासा धरायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करून टाका.

## टप्पा २: रोल लागतो का ते ठरवा

तीन प्रश्न, याच क्रमाने.

१. हे जमण्याची शक्यता आहे का? राजाला 'राज्य माझ्या नावावर कर' म्हटलं, तर २० पडूनही तो करणार नाही. फासा देऊच नका, 'तो हसतो' एवढं सांगा. (अंगाच्या आणि कौशल्याच्या रोलला २० पडले की आपोआप यश, असा नियम २०१४च्या पाचव्या आवृत्तीत नाही. तो हल्ल्याच्या रोलपुरता आहे. कितीतरी टेबलांवर तो सगळीकडे लागू करतात आणि मग राजे राज्यं वाटत सुटतात.)

२. हे फसण्याची शक्यता आहे का? खेळाडूने नेमकी जागा, नेमकी कृती सांगितली आणि त्यात शंकेला वाव नसेल, तर रोल मागू नका. 'पलंगाखाली हात घालून फळीचा खालचा भाग चाचपतो,' असं तो म्हणाला आणि किल्ली तिथेच चिकटवलेली आहे, तर ती सापडली. डोकं खेळाडूने चालवलं, त्याचा मोबदला त्याला तिथल्या तिथे द्या.

३. फसलं तर काही बदलतं का? वेळ हाताशी आहे, कोणी येणार नाही, पुन्हा पुन्हा करून बघता येतं, मग रोल कशाला? कुलूप उघडलं म्हणा आणि किती वेळ गेला ते सांगा.

या तिन्हींतून पार झाली तीच गोष्ट फाशाकडे जाते. पहिल्या महिन्यात मी हे प्रश्न पोस्टकार्डावर लिहून समोर ठेवले होते. सेशनमधले रोल निम्म्यावर आले असतील, आणि जे उरले त्यांच्याकडे सगळे मान वर करून बघायला लागले.

## टप्पा ३: डीसी मार्गावरून ठरवा, आणि लिहा

हा सगळ्यात मोलाचा टप्पा, म्हणून इथे जरा थांबू.

डीसी म्हणजे काम जमायला फासा आणि मॉडिफायर मिळून गाठायचा आकडा. पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाला डीसी १०, मध्यमला १५, कठीणला २० असं माप आहे. समजा, रात्री फाटक उघडायला लावणं हे १५ चं काम. आता हिशेब बघा. काहीतरी मोघम विनवणी केली तर बार्बेरियनला (उणे १) फाशावर १६ किंवा वर लागतात, म्हणजे २५ टक्के संधी. शाहिराला (अधिक ५) १० किंवा वर, म्हणजे ५५ टक्के.

आता मार्ग चांगला निघाला. पहारेकऱ्याच्या भावाची खूण दाखवली. डीसी १० करा. बार्बेरियनला ११ लागतात, ५० टक्के. शाहिराला ५ लागतात, ८० टक्के.

हे चार आकडे मी वकिलाला कागदावर मांडून दाखवले, तेव्हा आमची वर्षभराची कुरबुर मिटली. डोकं चालवल्यामुळे बार्बेरियनची संधी दुप्पट झाली, म्हणजे खेळाडूच्या हुशारीला किंमत आहे. पण तोच मार्ग शाहिराच्या तोंडून आला तर संधी आणखी किती तरी जास्त, म्हणजे पात्राच्या आकड्यालाही किंमत आहे. तेव्हापासून तो मुद्दा काढतो आणि शाहिराकडे वळून म्हणतो, "बाई, हे तुम्ही बोला." बार्बेरियनच्या तोंडी ते शोभतंही.

मार्गात बघायचं काय? समोरच्याला त्यात काय मिळतं, त्याला धोका किती, आणि सांगितलेलं त्याला खरं वाटण्यासारखं आहे का. आवाज, अभिनय, अलंकार यांना डीसीत स्थान नाही. छान बोलल्याबद्दल टाळ्या वाजवा, हवं तर इन्स्पिरेशन (पुढच्या एखाद्या रोलला वापरायची बक्षिसी) द्या, पण डीसी जागचा हलवू नका. हे कठीण जातं. रंगात येऊन बोललेलं ऐकलं की आपलाही हात सैल होतो.

बोलण्यांसाठी २०१४च्या नियमांतलं एक कोष्टक फार उपयोगी आहे आणि ते जवळपास कोणी उघडत नाही. त्यात समोरच्या माणसाची वृत्ती तीनपैकी एक धरतात: मित्रभाव, तटस्थ किंवा वैर. तटस्थ माणूस १० ला बिनधोक्याचं काम करून देतो आणि २० ला थोडी झळ सोसायला तयार होतो. वैरी माणूस २० आले तरी बिनधोक्याचंच तेवढं करतो. म्हणजे वैर असलेल्याकडून जोखमीचं काम हवं असेल, तर आधी त्याची वृत्ती बदलावी लागते. ती कशाने बदलेल हे शोधणं खेळाडूचं काम. तिथून पुढे फासा.

> इशारा: डीसी फासा पडायच्या आधी कागदावर लिहा. मनात ठेवलेला डीसी फासा बघून सरकतो. आपण नाही म्हटलं तरी सरकतो.

## टप्पा ४: फासा कोण टाकणार?

रोल फसला की टेबलाच्या चारही बाजूंनी आवाज येतो: "मीपण! मीपण बघतो!" हिशेब करा. मॉडिफायर शून्य असलेल्या एकट्या पात्राला डीसी १५ ला ३० टक्के संधी. तशी पाच पात्रं एकामागून एक टाकायला लागली, तर कोणाचं तरी जमण्याची शक्यता ८३ टक्के. त्या कौशल्यात मेहनत घेतलेल्या पात्राला मग काही अर्थच राहत नाही. बुद्धी १८ चा जादूगार ग्रंथ वाचतो, त्याला कळत नाही, आणि कोपऱ्यातला लढवय्या २० टाकून सगळं सांगतो. एकदा गंमत वाटते, तिसऱ्यांदा जादूगाराचा खेळाडू मोबाइल काढून बसतो.

म्हणून आधीच ठरवा: एक टाकणार, दुसरा मदत करणार. मदत म्हणजे ॲडव्हान्टेज, दोन फासे टाकून मोठा धरायचा. मदत करणाऱ्यानेही आपला मार्ग एका वाक्यात सांगायला हवा, नुसतं 'मी हेल्प करतो' पुरणार नाही. सगळ्यांनाच एकदम करायचं काम असेल, जसं की दबक्या पावलांनी अंगण ओलांडणं, तर सर्वांनी टाकावं आणि निम्म्यांचं किंवा जास्तांचं जमलं तर सगळ्यांचं जमलं धरावं.

## टप्पा ५: निकाल मार्गाच्या रंगात सांगा

रोल फसला म्हणजे पात्र मूर्ख ठरलं, असं नाही. खेळाडूने सुरेख मुद्दा मांडला, फाशावर ३ आले आणि डीएमने सांगितलं, 'तू अडखळतोस, सगळे हसतात.' पुढच्या वेळी तो मुद्दा मांडायची तसदी घेणार नाही. मुद्दा होता तसाच राहू द्या, अडचण बाहेरून आणा. पहारेकऱ्याला पटलंय, पण वरचा हवालदार जागा आहे. मार्ग जितका चांगला, तितकी फसण्याची किंमत कमी ठेवा.

> तपासून घ्या: निकाल ऐकल्यावर खेळाडूसमोर पुढे करण्यासारखं काही उरलं आहे का? 'नाही जमलं' एवढ्यावर तुमचं वाक्य संपत असेल तर ते अर्धंच आहे.

## जिथे हमखास पाय घसरतो

बोलणी मराठीत चालतात तेव्हा. आमच्या टेबलावर सगळं मराठीत चालतं, मध्ये मध्ये इंग्रजी. इंग्रजी माध्यमातली एक खेळाडू सरदाराला सहज 'तू' म्हणून गेली आणि मी सरदाराला रागावलेला दाखवला. ते चुकलं. तिचं पात्र दरबारात वाढलेलं होतं, त्याला 'आपण' म्हणायचं हे पाळण्यापासून माहीत असणार. भाषेची अशी चूक खेळाडूची धरा आणि पात्राच्या तोंडी दुरुस्त करून पुढे जा. जंगलात वाढलेल्या पात्राच्या खेळाडूने मुद्दाम 'तू' म्हटलं, तर मात्र सरदाराने खुशाल भुवई उंचवावी.

कोडी. इंग्रजी शब्दांच्या श्लेषावर उभं असलेलं कोडं मराठी टेबलावर जागच्या जागी मरतं, हे पहिलं. दुसरं, आकड्यांनी उत्तर विकत देऊ नका, सुगावा द्या. बुद्धीचा रोल १० च्या वर गेला तर एक सुगावा, १५ च्या वर दुसरा. उत्तर टेबलाने मिळून काढावं. ते बुद्धी ८ च्या खेळाडूला सुचलं तर? त्याला गप्प बसवू नका. 'तुझ्या पात्राला हे सुचणार नाही' हे वाक्य ऐकायला कोणी सुट्टीच्या दिवशी घरातून निघत नाही. उत्तर टेबलाचं माना आणि गोष्टीत ते ज्याला शोभेल त्या पात्राच्या तोंडून वदवून घ्या. तिसरं, घड्याळ लावा. दहा मिनिटांत सुटलं नाही तर दुसरी वाट दाखवा, भले ती महाग असो. पुढचा सगळा खेळ ज्या दाराच्या पलीकडे आहे, त्या दाराला एकच किल्ली ठेवणं हा डीएमचा गुन्हा.

शोधाशोध आणि सापळे. खेळाडू तुमच्याच डोळ्यांनी बघतो. ओल्या पायांचे ठसे तुम्ही सांगितलेच नाहीत, तर तो त्यांच्यावर डोकं कसं चालवणार? पॅसिव्ह पर्सेप्शन म्हणजे १० अधिक पर्सेप्शनचा मॉडिफायर. शहाणपण १४ आणि पर्सेप्शनमध्ये तरबेज असं नवशिकं पात्र असेल तर १४. त्या आकड्यात जे दिसण्यासारखं आहे ते न विचारता सांगा. ही पात्राची देणगी. त्याचा अर्थ लावणं खेळाडूचं काम. पण दर दारापुढे 'काठीने टोचतो, पाणी ओततो, कान लावतो' असा पाढा सुरू झाला, तर एकदाच लिहून घ्या की सावकाश चालताना हे सगळं केलेलं धरू, वेळ दुप्पट लागेल.

खेळाडूला आधीच ठाऊक असलेलं. ट्रोल या राक्षसाच्या जखमा आपोआप भरतात आणि आग किंवा ॲसिडने ते थांबतं, हे दोन-चार मोहिमा खेळलेल्या कोणालाही माहीत असतं. पात्राला माहीत आहे का? एका वाक्यात पटण्यासारखं कारण मागा: 'माझी आजी डोंगरातली, तिच्या गोष्टींत ऐकलंय.' पटलं तर संपलं. नाही तर बुद्धीचा रोल. पण माहीत असून नसल्याचं नाटक चार फेऱ्या करायला लावू नका, त्यात कोणालाच मजा येत नाही. खरा उपाय तयारीत आहे: चकमकीची सगळी गंमत अशा उघड गुपितावर टांगू नका.

लढाईतले डावपेच. ते खेळाडूचेच. बुद्धी ८ च्या लढवय्यालाही पाठीमागून घेरायचं कळतं.

## एक पूर्ण उदाहरण

घाटाच्या तोंडाशी जकातीचा नाका, रात्र, फाटक बंद. जकातदार तटस्थ.

शाहीर: "मी रोल करू?" मी: "काय हवंय?" "फाटक उघडायला हवं. आत्ता." "कशाच्या जोरावर?" ती गप्प. मी: "तुला दिसतंय, की त्याची वही कोरी आहे. आज एकही गाडी गेलेली नाही. आणि तो सारखा वरच्या चौकीकडे बघतोय."

ती थोडा वेळ विचार करते. "मी त्याला सांगते, की जकात दुप्पट घे आणि वहीत आम्ही सूर्यास्ताआधी आलो असं लिही. म्हणजे वरच्याला दाखवायला काहीतरी होईल." सगळं सांगून, आवाज न बदलता.

जमू शकतं, फसू शकतं, फसलं तर मागचे लोक गाठतील. रोल हवा. खोटी नोंद करणं ही त्याच्यासाठी थोडी झळ, म्हणजे तटस्थाला २०. पण त्याला नेमकं हवं तेच पुढे केलंय. वृत्ती एक पायरी वर, मित्रभाव. मित्रभावाचा माणूस थोडी झळ १० ला सोसतो. मी कागदावर १० लिहिले आणि कागद पालथा ठेवला. वकिलाला मदत करायची होती. मार्ग विचारल्यावर तो म्हणाला, "मी कुऱ्हाड दाखवतो." मदत धरली नाही.

फाशावर ३. अधिक ५, आठ.

जकातदाराने पैसे मोजून घेतले, वहीत लिहिलं, शाई वाळू दिली. मग म्हणाला, "फाटक उघडतो. पण वरून कोणी विचारायला आलं तर माझ्यापाशी तुमच्यातलं कोणीतरी हवं. उजाडेपर्यंत." टेबल गप्प झालं. बार्बेरियनने कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि जकातदाराच्या शेकोटीजवळ जाऊन बसला.